रेपो दर कशावरून ठरतो आणि त्यातले आपल्याला किती कळते?

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत डाळमिल चालवणाऱ्या एका तरुण उद्योजकाने विचारले आहे: "२०२५ मध्ये रेपो दर साडेसहावरून सव्वापाचवर आला. मुंबईत सहा माणसे बंद खोलीत बसून हे ठरवतात. ते कशाच्या आधारावर ठरवतात, हे आमच्यासारख्यांना कधी कळू शकते का? आणि रेपो एवढा उतरला तरी माझ्या सीसीचे (कॅश क्रेडिट कर्जाचे) व्याज का उतरले नाही? खाते नागरी सहकारी बँकेत आहे."

भाऊ, तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतले आहेत. रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना अल्प मुदतीसाठी ज्या दराने पैसे देते तो दर. मी बँकेत आधी कर्ज विभागात आणि नंतर ट्रेझरीत, म्हणजे बँकेचे पैसे रोख्यांत गुंतवणाऱ्या विभागात, काम केले, म्हणजे रेपोच्या निर्णयाची वाट पाहणाऱ्या टेबलावरही बसलो आणि व्याज कमी करा म्हणून आलेल्या कर्जदारांसमोरही. तुमच्या सीसीबद्दल शेवटी सांगतो, कारण त्याचे उत्तर मुंबईत नाही, तुमच्या गावातच आहे.

खोली बंद असते हे खरे. पण आत कोणी काय मत दिले आणि का दिले, हे बैठकीनंतर चौदाव्या दिवशी नावानिशी प्रसिद्ध होते. ही रिझर्व्ह बँकेची मेहेरबानी नाही. रिझर्व्ह बँक कायदा १९३४ चा, पण २०१६ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि पतधोरण समिती कायद्याने अस्तित्वात आली. ठराव, प्रत्येक सदस्याचे मत आणि त्या मतामागची त्याची लेखी भूमिका छापलीच पाहिजे, असे कायदा सांगतो. सहापैकी तिघे रिझर्व्ह बँकेचे: गव्हर्नर, पतधोरण सांभाळणारे डेप्युटी गव्हर्नर आणि केंद्रीय संचालक मंडळाने नेमलेला एक अधिकारी. उरलेले तिघे बाहेरचे. त्यांना केंद्र सरकार चार वर्षांसाठी नेमते आणि पुन्हा नेमता येत नाही. मते समसमान पडली तर गव्हर्नरांचे मत निर्णायक ठरते. समितीपुढचे उद्दिष्टही लपवलेले नाही: किरकोळ महागाई ४ टक्के, खाली २ आणि वर ६ पर्यंत सूट.

याआधीचा काळ ज्यांनी पाहिला नाही, त्यांना या बदलाचे मोल चटकन कळणार नाही. २०१६ पूर्वी दर एकटे गव्हर्नर ठरवत. २००५ पासून एक तांत्रिक सल्लागार समिती होती आणि २०११ पासून तिच्या चर्चेचा गोषवारा बाहेर येऊ लागला, पण ती फक्त सल्ला देई. बहुतेक सदस्यांनी एक सांगितले आणि गव्हर्नरांनी दुसरे केले, तरी त्यांना जाब देण्याचे कायदेशीर बंधन नव्हते. ट्रेझरीत आम्ही भाषणांतल्या विशेषणांवरून अंदाज बांधायचो. गेल्या वेळच्या निवेदनातला कोणता शब्द गळला, कोणता नवा आला, यावर कोट्यवधींचे रोखे घ्यायचे की विकायचे ते ठरे. उर्जित पटेल समितीचा अहवाल जानेवारी २०१४ मध्ये आला, फेब्रुवारी २०१५ मध्ये सरकार आणि रिझर्व्ह बँकेत करार झाला, मग कायदा बदलला आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये नव्या समितीची पहिली बैठक झाली. त्या बैठकीत सहाही जणांनी दर पाव टक्क्याने उतरवून सव्वासहा करण्याच्या बाजूने मत दिले.

आता तुम्ही हे कसे वाचावे ते सांगतो. निर्णयाच्या दिवशी टीव्हीवर फक्त आकडा येतो. त्या दिवशी समितीचा ठराव वाचा, दोन आठवड्यांनी इतिवृत्त वाचा. इतिवृत्तात आधी विरोधी मत शोधा. जे बहुमतात असतात त्यांची निवेदने बरीचशी सारखी असतात. ज्याने वेगळे मत दिले त्याला मात्र आपली बाजू मुद्द्यांनी मांडावीच लागते, आणि तिथेच त्या निर्णयातली खरी ओढाताण दिसते.

ऑगस्ट २०२४ ची बैठक यासाठी वाचण्यासारखी आहे. रेपो ६.५० वर ठेवायचा निर्णय ४ विरुद्ध २ असा झाला. आशिमा गोयल आणि जयंत वर्मा या दोन बाहेरच्या सदस्यांनी पाव टक्का कपात मागितली. वर्मा अहमदाबादच्या आयआयएममधले वित्ताचे प्राध्यापक. महागाई वजा करून उरणारा खरा व्याजदर गरजेपेक्षा जास्त आहे आणि त्याची किंमत देशाची वाढ मोजते आहे, असे ते बैठकीमागून बैठकीत लिहीत होते. बहुमताचा भर खाद्यपदार्थांच्या महागाईवर होता. त्या वेळी ज्या निर्देशांकावर महागाई मोजली जात होती त्यात खाद्यपदार्थ आणि पेयांचा भार जवळजवळ ४६ टक्के होता. ज्याच्या घरखर्चाचा निम्मा भाग स्वयंपाकघरात जातो, त्याला अन्नाची महागाई तात्पुरती आहे असे सांगून भागत नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

आणि भाऊ, त्या खाद्यपदार्थांत तुमची डाळ आहे. २०२३ च्या मध्यापासून २०२४ च्या ऑगस्टपर्यंत डाळींची महागाई दोन अंकी होती. तूर काय भावाने भरली आणि डाळ काय भावाने गेली हे तुम्ही तेव्हा तुमच्या गोदामात पाहिले आहे. २०२५ मध्ये डाळींचे भाव वर्षापूर्वीच्या तुलनेत खाली आले, भाजीपालाही उतरला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाई पाव टक्क्यापर्यंत घसरली. 'कशाच्या आधारावर' या तुमच्या प्रश्नाचे मोठे उत्तर यातच आहे. ज्या कारणाने दर अडला होता, तेच कारण ओसरल्यावर तो उतरला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ६.२५, एप्रिलमध्ये ६, जूनमध्ये एकदम ५.५० आणि डिसेंबरमध्ये ५.२५. जूनच्या अर्ध्या टक्क्यालाही सगळे राजी नव्हते. सौगत भट्टाचार्य या बाहेरच्या सदस्याने पाव टक्काच पुरे असे मत दिले आणि त्याची कारणे नोंदवली. मतभेद असा लिहून ठेवलेला असला की पुढे कोणाचे बरोबर निघाले हे तपासता येते. मला या व्यवस्थेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

बैठकीच्या आधी सात दिवस आणि नंतर सात दिवस सदस्यांनी पतधोरणावर जाहीर बोलायचे नाही, असा नियम आहे. काहींना यात लपवाछपवी दिसते. मला हा नियम योग्य वाटतो. एखाद्या सदस्याने परिषदेत सहज उच्चारलेले वाक्य तिथे बसलेल्या चार जणांना आधी कळते, आणि बाजारात आधी कळणे म्हणजे पैसा.

इथपर्यंत मी रिझर्व्ह बँकेची बाजू घेतली, कारण दराच्या बाबतीत ती घेण्यासारखी आहे. पण रेपो म्हणजे सगळे धोरण नाही. मतदानाची चौकट संपते तिथून उजेड कमी होत जातो.

६ जून २०२५ चेच पाहा. त्याच दिवशी रोख राखीव प्रमाण, ज्याला आपण सीआरआर म्हणतो, म्हणजे ठेवींचा जो हिस्सा बँकांना रिझर्व्ह बँकेत ठेवावाच लागतो, तो ४ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणायचे जाहीर झाले. सप्टेंबर ते नोव्हेंबर असे चार हप्त्यांत. त्यामुळे बँकांच्या हाती सुमारे अडीच लाख कोटी रुपये मोकळे होणार होते. रेपोच्या अर्ध्या टक्क्यावर सहा जणांची मते आणि निवेदने आपल्याला वाचायला मिळतात. सीआरआरवर मिळतो तो गव्हर्नरांच्या निवेदनातला परिच्छेद. मतदान नाही, विरोधी मत नाही, इतिवृत्त नाही, कारण कायद्याने समितीकडे फक्त धोरणदर दिला आहे. सीआरआर, रोखतेचे व्यवहार आणि बँकांवरचे नियम हे सगळे रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येते.

याहून ठळक उदाहरण एप्रिल २०२२ चे आहे. समितीने रेपो ४ टक्क्यांवरच ठेवला आणि वर्तमानपत्रांत 'दर जैसे थे' असे मथळे आले. पण त्याच दिवशी रिझर्व्ह बँकेने स्थायी ठेव सुविधा नावाची नवी सोय सुरू केली. बँकांनी जास्तीचे पैसे रिझर्व्ह बँकेत ठेवले तर आता ३.७५ टक्के मिळणार होते. तोपर्यंत असे पैसे ठेवल्यावर रिव्हर्स रेपोचा दर, म्हणजे ३.३५ टक्के मिळत. बँका एकमेकांना एका रात्रीसाठी देतात त्या पैशाच्या दराचा तळ अशा रीतीने ०.४० टक्क्यांनी वर गेला आणि त्यावर कोणाचेही मत पडले नाही. ट्रेझरीतल्या माणसाला त्या दिवसाचा अर्थ लगेच कळला. कर्ज घेणाऱ्याला तो ४ मे रोजी कळला. त्या दिवशी वेळापत्रकाबाहेरच्या बैठकीनंतर रेपो ४.४० झाला, सीआरआरही अर्ध्या टक्क्याने वाढला. एप्रिलचे ते पाऊल चुकीचे होते असे मी म्हणत नाही. महागाई तेव्हा चढत होती आणि पैसा आवळायलाच हवा होता. पण ज्याचा परिणाम दरवाढीसारखा होतो, त्याचे कारणही दरवाढीइतक्याच तपशिलाने आणि सदस्यांच्या नावानिशी बाहेर आले पाहिजे.

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट मला अधिक खटकते. सलग तीन तिमाह्या सरासरी महागाई ६ टक्क्यांच्या वर गेली, तर रिझर्व्ह बँक उद्दिष्टात अपयशी ठरली असे मानले जाते. मग अपयशाची कारणे, उपाय आणि महागाई पुन्हा ४ टक्क्यांवर यायला किती काळ लागेल याचा अंदाज, असा अहवाल तिने केंद्र सरकारला द्यायचा असतो. २०२२ च्या जानेवारी ते सप्टेंबर या तीन तिमाह्यांत तसे झाले. ३ नोव्हेंबरला समितीची खास बैठक झाली आणि पत्र सरकारकडे गेले. ते आजवर जाहीर झालेले नाही. गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी तेव्हा सांगितले की ते पत्र सरकारला लिहिलेले आहे, जाहीर करण्याचा अधिकार आपल्याला नाही. कायद्यात ते जाहीर करण्याची तरतूद नसल्याचे सरकारने लोकसभेत सांगितले.

कायद्याची भाषा दोघांनीही बरोबर वाचली. पण ब्रिटनमध्ये महागाई उद्दिष्टापासून एका टक्क्याहून जास्त सरकली की बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर अर्थमंत्र्यांना जे पत्र लिहितात, ते सर्वांसाठी खुले असते. तिथे असे पहिले पत्र २००७ मध्ये निघाले, त्यानंतर कित्येक निघाली आणि त्यामुळे ती बँक काही कोसळली नाही. आपल्याकडे यश आले तर कारणे दर दोन महिन्यांनी छापायची आणि अपयश आले तर ती पाकिटात बंद करायची, हे उलटे आहे. २०२२ मध्ये गोडेतेल आणि डिझेल ज्याने वाढत्या भावाने घेतले, त्याचा त्या पत्रावर सरकारइतकाच हक्क आहे. कायद्यात एक ओळ वाढवली तर हे दुरुस्त होईल आणि ती वाढवावी, असे माझे ठाम मत आहे.

सदस्य कसे निवडले जातात हेही फारसे दिसत नाही. कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखालील समिती नावे सुचवते आणि सरकार नेमणूक करते. कोणाचा विचार झाला, कोणाला का घेतले, हे बाहेर येत नाही. २०२० मध्ये जुन्या तीन बाहेरच्या सदस्यांची मुदत संपली तरी नवे नेमले गेले नव्हते. बैठकीला किमान चार जण लागतात, म्हणून सप्टेंबरअखेरची ठरलेली बैठक पुढे ढकलून ऑक्टोबरमध्ये घ्यावी लागली.

नोटाबंदीचा विषय निघाला की लोक मला विचारतात, तेव्हा ही समिती काय करत होती? तो निर्णय या समितीकडे नव्हताच. ८ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय संचालक मंडळाची बैठक दिल्लीत झाली आणि शिफारस तिथून गेली. त्या बैठकीचे इतिवृत्त लोकांना २०१९ मध्ये माहिती अधिकारातून मिळाले. काळा पैसा बहुतांशी रोखीत नसून सोने आणि जमीनजुमल्यात असतो, ही हरकत त्यात नोंदवलेली होती. जळगावच्या सराफ बाजारात किंवा दोंडाईच्याच्या मिरची बाजारात त्या नोव्हेंबरमध्ये ज्यांचे व्यवहार थांबले, त्यांना ही नोंद दोन वर्षांहून अधिक काळाने वाचता आली. धोरण समितीसाठी चौदा दिवस आणि संचालक मंडळासाठी माहिती अधिकाराचा अर्ज, एवढा फरक एकाच संस्थेत आहे.

मग बैठकच थेट दाखवावी का? नाही, आणि यामागे अनुभव आहे. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने १९९४ पर्यंत दराचा निर्णय त्याच दिवशी जाहीर करण्याची पद्धतच ठेवली नव्हती. बैठकीच्या शब्दशः नोंदी जपून ठेवल्या जातात हे १९९३ मध्ये उघड झाले आणि तेव्हापासून त्या पाच वर्षांनी प्रसिद्ध होऊ लागल्या. अभ्यासकांनी आधीच्या आणि नंतरच्या नोंदी ताडून पाहिल्या. नंतरच्या काळात सदस्य जास्त तयारी करून येऊ लागले, पण नवखे सदस्य वेगळे मत मांडायला बिचकू लागले, असे त्यांना आढळले. कॅमेरा लावला तर माणसे एकमेकांशी बोलायची सोडून प्रेक्षकांशी बोलू लागतील आणि मत बदलणे अपमानाचे होऊन बसेल. आपल्याकडचे इतिवृत्त म्हणजे सदस्यांची नंतर लिहिलेली निवेदने असतात. खोलीतली उलटतपासणी त्यात येत नाही. तिची शब्दशः नोंद ठेवावी आणि पाच-सात वर्षांनी खुली करावी, एवढे मात्र आपल्याला करता येण्यासारखे आहे.

एक खंत खान्देशातला माणूस म्हणून सांगतो. पुढे महागाई किती राहील असे लोकांना वाटते, हे जोखण्यासाठी रिझर्व्ह बँक घरोघरी सर्वेक्षण करते. त्याचे निष्कर्ष समितीपुढे जातात आणि ते जाहीरही होतात. पण ही पाहणी देशातल्या मोजक्या मोठ्या शहरांत होते. महाराष्ट्रातून त्यात मुंबई आणि नागपूर आहेत. धुळे, जळगाव, नंदुरबार नाहीत. शहाद्याच्या किंवा चोपड्याच्या कुटुंबाला महागाई कशी भासते, हे त्या आकड्यात येत नाही. यात लपवलेले काही नाही, म्हणूनच यावर बोलता येते. शहरांची यादी छापलेली आहे, ती अपुरी आहे असे आपण लिहून कळवू शकतो.

आता तुमची सीसी. रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला बऱ्हाणपूरचा भाव रोज कळतो, पण त्याच्या बागेत आलेला व्यापारी त्याहून कमी का देतो याचा हिशोब त्याला कोणी दाखवत नाही. तुमचे तसेच झाले आहे. रेपो सर्वांना दिसतो, तो तुमच्या खात्यापर्यंत येताना कुठे अडला ते दिसत नाही.

व्यापारी बँकांना रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०१९ पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांची नवी बदलत्या व्याजाची कर्जे रेपोसारख्या बाहेरच्या मानदंडाला जोडायला लावली. मध्यम उद्योगांना हे एप्रिल २०२० पासून लागू झाले. अशा कर्जात दर तीन महिन्यांतून किमान एकदा फेरनिश्चित करावाच लागतो. रेपो सव्वा टक्का उतरला तर तुमचा दरही तेवढा उतरतो, बँकेची इच्छा असो वा नसो. मंजुरीपत्रात 'रेपो अधिक अमुक टक्के' असे लिहिलेले असते. त्या 'अमुक टक्क्यां'तला जोखमीचा भाग तुमची पत खरोखर बदलली तरच बदलता येतो.

हा नियम नागरी सहकारी बँकांना लागू नाही. जिल्हा बँकेलाही नाही. तिथे कर्जाचा दर संचालक मंडळ ठरवते. म्हणून तुमचे व्याज का उतरले नाही याचे कारण पतधोरण समितीच्या इतिवृत्तात कितीही शोधले तरी सापडणार नाही. ते तुमच्या बँकेच्या मंडळाच्या इतिवृत्तात आहे. बँकेची अडचण खरीही असू शकते. दोन वर्षांपूर्वी चढ्या दराने घेतलेल्या मुदत ठेवी अजून फिटायच्या असतील, तर कर्जाचा दर लगेच उतरवणे तिला जड जाते. पण मग ते आकड्यांनी सांगावे: ठेवींचा सरासरी खर्च किती, त्यावर घेतलेला फरक किती आणि ठेवींवरचे दर उतरवले असतील तर कोणत्या तारखेला. ठेवीचे दर लगेच खाली आणि कर्जाचे दर जागेवर असे निघाले, तर तिथे प्रश्न विचारायलाच हवा.

आणि तो विचारायचा हक्क तुम्हाला आहे. सहकारी बँकेचे कर्जदार म्हणून तुम्ही बहुधा सभासद असाल. भागाचे (शेअरचे) पैसे कर्जातून वळते झालेले असतात, आपण सभासद आहोत हे अनेकांच्या लक्षातही नसते. बँक महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेली असेल, तर कलम ३२ प्रमाणे सभासदाला ताळेबंद, सर्वसाधारण सभेची इतिवृत्ते, समितीच्या, म्हणजे बँकेच्या संचालक मंडळाच्या, सभांची इतिवृत्ते आणि त्याच्या स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी कार्यालयीन वेळेत पाहता येतात. बँक बहुराज्य असेल तर कायदा वेगळा, तरतुदी वेगळ्या. आधी नोंदणी पाहून घ्या. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मागणी मोघम ठेवू नका. फेब्रुवारी २०२५ नंतर कर्ज आणि ठेवींच्या व्याजदरांबाबत मंडळाने केलेले ठराव पाहायचे आहेत, एवढेच लिहा. व्यवस्थापक 'वरून परवानगी नाही' म्हणाले तर तेही लेखी मागा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायची असते. उत्तर मिळाले नाही तर सभेच्या सूचनेतली मुदत पाळून हाच प्रश्न आधी लेखी पाठवा, म्हणजे तो कामकाजात घ्यावा लागेल. तुमच्या शेजारच्या दोन-चार मिलवाल्यांची खातीही त्याच बँकेत असतील, तर सर्वांनी सह्या करा.

दरम्यान एखाद्या व्यापारी बँकेकडून रेपोशी जोडलेल्या सीसीचा प्रस्ताव घ्या. त्यात प्रक्रिया शुल्क, तारण हस्तांतराचा खर्च आणि नव्याने करावे लागणारे गहाणखत हे सगळे मिळवून वर्षाचा खर्च काढा. तूर बाजारात यायच्या आधी हे उरकले तर बरे, हंगामात मर्यादा अडकून पडलेली परवडत नाही. दोन्ही आकडे आणि मंजुरीपत्रातली व्याजाच्या कलमाची ओळ माझ्याकडे पाठवलीत, तर बँक बदलण्यात फायदा आहे की आहे तिथेच घासाघीस करण्यात, ते बघून सांगेन.